आल्याचा घरचा सोडा: त्यात अल्कोहोल 'किती', हे मोजायचं कसं?

अर्धा_सोडा
मंडळी, नमस्कार. मुक्काम जुळे सोलापूर. घरी आल्याचा सोडा करतो. आलं किसून साखर-पाण्यात विरजण धरायचं, फसफसलं की गाळून साखरेच्या पाण्यात घालायचं, वर लिंबू, आणि घट्ट बुचाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं. लिटरला साखर ७० ग्रॅम. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये विरजणाला वाट बघावी लागत नाही. रात्री ओट्यावर ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशी दाबली तर दबत नाही.

अडचण अशी की परवा मेव्हण्याने जेवताना सांगून टाकलं, "यात दारू असते." आमचे आप्पा माळकरी. दुपारच्या जेवणावर अर्धा पेला सोडा त्यांना फार आवडतो. त्यांनी पेला खाली ठेवला आणि मला विचारलं, "किती?" आहे की नाही हे नाही विचारलं, किती हेच विचारलं. टॉवेलच्या कारखान्यात जन्मभर हिशेब लिहिलेत त्यांनी, अंदाज त्यांना चालत नाही.

माझ्याकडे मोजायला काहीही नाही. घरच्या घरी कळेल असा मार्ग आहे का?

बे_एके_बे
काय बे, आप्पांना दोन पेले देऊन सात रस्त्यापर्यंत सरळ चालायला सांग. गेले तर नाही, नाही गेले तर आहे.

नाहीतर गवळ्याकडून लॅक्टोमीटर आण आणि बुडव की बे. दुधातलं पाणी कळतं तर सोड्यातली दारू कळणार नाय का?

पुणेकर_पाहुणा
लॅक्टोमीटर वगैरे विनोद बाजूला ठेवू. यासाठी वाइन-बिअरवाले हायड्रोमीटर वापरतात, ऑनलाइन मिळतो. काचेची नळी, खाली वजन, वर आखलेली मान. साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा घट्ट, म्हणून त्यात नळी वर तरंगते. साखर संपून अल्कोहोल झालं की द्रव हलका होतो, नळी खाली जाते. आंबवण्याआधीचं माप वजा नंतरचं माप, गुणिले १३१.२५, आले टक्के. उदाहरणार्थ (साध्या पाण्याला १.००० धरून) १.०५० वरून १.०१० वर आलं तर ०.०४० गुणिले १३१.२५, म्हणजे सव्वापाच टक्के.

पण आधीचं माप घेतलेलं असायला हवं. आत्ता तयार असलेल्या बाटलीत नुसती नळी बुडवून काहीही कळणार नाही. तिथे दिसतो तो उरलेली साखर आणि झालेलं अल्कोहोल या दोघांचा मिळून एकच आकडा.

हस्त_बहार
सांगोला तालुका. आमच्याकडे डाळिंबाची गोडी बघायला रिफ्रॅक्टोमीटर असतो, द्राक्षवाल्या प्रत्येकाकडेही असतो. दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरायचं, ब्रिक्स दिसतो, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साखर किती ग्रॅम. विकत कशाला घ्यायचा, शेजाऱ्याकडून आणा.

टायट्रेशन_ताई
हस्त_बहार, थांबा. ताज्या रसाला तो उत्तम, आंबलेल्या रसाला नाही. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वळतो ते बघतो, आणि अल्कोहोलसुद्धा पाण्यापेक्षा प्रकाश जास्त वळवतं. त्यामुळे साखर संपत आली तरी ते आकडा फारसा खाली येऊ देत नाही. १२ ब्रिक्सवर सुरू झालेलं पेय हायड्रोमीटरवर १.०१२ दाखवत असेल, म्हणजे दिसायला ३ ब्रिक्स, तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर ६ च्या आसपास रेंगाळत असतो. त्यावर विश्वास ठेवला तर अल्कोहोल खऱ्यापेक्षा बरंच कमी धराल.

शिवाय त्या उपकरणाची तापमानाची आपोआप दुरुस्ती बहुतेक १० ते ३० अंशांपुरतीच असते. मे महिन्यात दुपारी तीनला अंगणात उभं राहून घेतलेल्या मापाचं काय करायचं?

चौपाडकर
व्हिनोमीटर म्हणून एक मिळतो की स्वस्तात. काचेची बारीक नळी, उलटी केली की टक्के दिसतात.

टायट्रेशन_ताई
तो साखर जवळपास न उरलेल्या वाइनसाठी आहे. गोड द्रवात त्याचा आकडा भरकटतो. तीच गोष्ट स्पिरिट मोजणाऱ्या अल्कोहोलमीटरची. तो फक्त पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणासाठी आखलेला असतो. सोड्यात बुडवला तर शून्याच्याही वर तरंगेल आणि आप्पांना वाटेल, चला, काहीच नाही.

धागा_राखणदार
चर्चा चांगली चालली आहे म्हणून आताच सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, 'घरापुरतं' म्हटलं तरी. वाइन कशी लावावी, भट्टी कशी असते, यावर इथे बोलायचं नाही. तसे दोन प्रतिसाद उडवले आहेत. मोजमापावर बोला, हवं तितकं.

गाळप_हंगाम
उशिरा आलो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली, आता निवृत्त. आमच्या जिल्ह्यात ब्रिक्स हा शब्द पोराटोरांना ठाऊक आहे, तेव्हा या धाग्यावर न बोलणं बरं दिसणार नाही.

अर्धा_सोडा, आधी कागदावरचा हिशेब करू, उपकरण नंतर. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर १ टक्का अल्कोहोल होतं. तुमची साखर ७०. म्हणजे काहीही झालं, बाटली महिनाभर विसरली, तरी ४ टक्क्यांच्या फार वर जाऊच शकत नाही. हे झालं छत. तुम्ही गोड असतानाच पिता, म्हणजे छताच्या बरेच खाली आहात.

आता जमीन बघू. तुमच्या बाटलीतली फसफस कुठून आली? यीस्टने साखर फोडली की अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड जोडीनेच बाहेर पडतात. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल, ८८ ग्रॅम वायू. वजनाला जवळपास निम्मं-निम्मं. बाटली बंद असताना वायू बाहेर जात नाही, पाण्यात विरघळून बसतो. लिटरमध्ये ४ ग्रॅम वायू म्हणजे बेताची फसफस. तेवढ्यासाठी सव्वापाच मिलिलिटर अल्कोहोल झालेलंच असतं, म्हणजे अर्धा टक्का. दुकानातल्या सोड्यासारखी नाकात जाणारी फसफस हवी तर ७-८ ग्रॅम वायू लागतो. तिथे टक्का गाठला. दुकानातल्या सोड्यात वायू सिलिंडरमधून भरतात, तुमचा वायू यीस्टने केलाय, एवढाच फरक.

तेव्हा बाटली दबत नाही असं तुम्ही लिहिलंत तिथेच उत्तर अर्धं मिळालं. ०.१ नाही आणि ४ नाही. अंदाजे एकाच्या आसपास.

आणि बे_एके_बे, तुमचा लॅक्टोमीटर मला विनोद वाटत नाही. वाइनच्या हायड्रोमीटरवर एक रेघ बहुधा ०.००२ ची असते. दुधाच्या चांगल्या लॅक्टोमीटरवर १५ ते ४० असे आकडे असतात, म्हणजे १.०१५ ते १.०४०, आणि एक रेघ ०.००१ ची. दुप्पट बारीक. लिटरला ७० ग्रॅम साखर म्हणजे लॅक्टोमीटरवर साधारण २३ ते २७, तो कुठल्या तापमानाला आखलाय त्यावर. अगदी मापाच्या मधोमध! एक रेघ उतरली की ०.१३ टक्के. फक्त नुसत्या 'दूध' आणि 'पाणी' अशा खुणांचा स्वस्त नग घेऊ नका, आकडेवाला घ्या. वाइनला हे चालणार नाही, तिथली सुरुवात ४० च्या वर आणि शेवट १५ च्या खाली.

बे_एके_बे
आता बोला! पाहुणा कुठं गेला बे?

पुणेकर_पाहुणा
इथेच आहे. मानलं. मात्र वायू पूर्ण काढल्याशिवाय नळी बुडवू नका. बुडबुडे काचेला चिकटून तिला वर उचलतात, आकडा जास्त दिसतो, आणि अल्कोहोल कमी निघतं.

गाळप_हंगाम
अगदी बरोबर. कृती सांगतो, कारण माणसं इथेच घाई करतात.

बाटलीतला पेलाभर सोडा दोन भांड्यांत वरून खाली ओतत राहा, चहा थंड करताना ओततात तसा, फेस येणं थांबेपर्यंत. मग पातळ फडक्यातून गाळा, आल्याचा चोथा नको. उंच अरुंद भांडं घ्या, लॅक्टोमीटर भिंतीला टेकता कामा नये. सोडताना बोटांनी हलकी गिरकी द्या, चिकटलेले बुडबुडे सुटतात. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचा, काचेलगत द्रव जरा वर चढलेला दिसतो, तो सोडून सपाट भागाची रेघ घ्या.

तापमानाचं सगळ्यात महत्त्वाचं. २० अंशांना आखलेला हायड्रोमीटर ४० अंशांच्या द्रवात बुडवला तर ०.००५-०.००६ ने कमी दाखवतो. एक माप सकाळी फ्रीजमधल्या बाटलीचं आणि दुसरं दुपारच्या ओट्यावरचं घेतलंत तर पाऊण टक्क्याचा घोळ त्यातच होईल, म्हणजे तुम्हाला जे मोजायचंय जवळपास तेवढाच. दोन्ही मापं एकाच तापमानाला घ्या. नमुना माठातल्या पाण्यात अर्धा तास उभा ठेवा, दोन्ही वेळा. चूक दोन्हीकडे सारखी असली की वजाबाकीत निघून जाते.

टायट्रेशन_ताई
काकांच्या हिशेबाला एक पुरवणी. १३१.२५ हा गुणक घटलेली साखर अल्कोहोलमध्येच गेली असं धरून चालतो. आल्याच्या विरजणात यीस्टसोबत लॅक्टिक जिवाणूही असतात, थोडी साखर ते आंबटपणाकडे नेतात. बंद बाटलीत, एक-दोन दिवसांत, ही चूक मोठी नसते. पण हाच हिशेब कोणी कोम्बुचाला, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाला, लावू नका. तिथे बरणी फडक्याने झाकलेली, हवा आत जाते, यीस्टने केलेलं अल्कोहोल ॲसिटिक जिवाणू लगेच ॲसिडमध्ये बदलतात. साखर किती गेली यावरून अल्कोहोल किती उरलं हे तिथे सांगताच येत नाही.

वाळकेश्वरी_नव्हे
मग कोम्बुचा उकळून बघितला तर? कुठेतरी वाचलं होतं.

गाळप_हंगाम
पद्धत जुनी आणि खरी आहे. नमुन्याची घनता मोजायची, उकळून निम्मा करायचा म्हणजे अल्कोहोल उडून जातं, मग डिस्टिल्ड वॉटर, आपलं बॅटरीचं पाणी, घालून पुन्हा मूळ मापाला आणायचं, त्याच तापमानाला, आणि परत घनता. जो फरक येतो तो अल्कोहोल गेल्याचा. सुरुवातीचं माप लागत नाही हा मोठा फायदा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षारच आकडा हलवतील.

पण फरक किती येतो बघा. ५ टक्क्यांना ०.००७. १ टक्क्याला ०.००१५. अर्ध्या टक्क्याला रेघेपेक्षाही कमी. पाच टक्क्यांचं पेय या पद्धतीने ओळखू येईल, अर्ध्या टक्क्याचं नाही.

एबुलिओमीटर नावाचं उपकरण उत्कलनबिंदूवरून मोजतं. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, मिश्रण मध्ये कुठेतरी. गंमत म्हणजे सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर, इथे पाणीच साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. म्हणून आधी त्याच दिवशी साधं पाणी उकळून शून्य लावावं लागतं, हवेचा दाब बदलला की परत. घरी कोणी करू नये, फार नाजूक काम.

अर्धा_सोडा
काका, ताई, बे_एके_बे, सगळ्यांचे आभार. पेठेत प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून आकडेवाला लॅक्टोमीटर आणला. नवीन बाटली भरतानाच नमुना काढला, माठाच्या पाण्यात ठेवून माप घेतलं: २६. उरलेलं बाटलीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टणक झाल्यावर, फेस मोडून, गाळून, परत माठाच्या पाण्यात ठेवून: १८.

८ रेघा. ०.००८ गुणिले १३१.२५ म्हणजे १.०५ टक्के. काकांनी बाटली न बघता 'एकाच्या आसपास' सांगितलं होतं.

आप्पांना आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, "आणि बाजारातल्या बिअरमध्ये?" मी म्हटलं, साधी असेल तर पाचच्या आसपास. "म्हणजे पाच पेल्यांना एक." एवढं बोलून पेला माझ्याकडे सरकवला.

तुळशीमाळ
माऊली, आप्पांना माझा नमस्कार. मीही माळकरी. पिकलेल्या केळ्यात, पावात, शिळ्या ताकातही अंश असतोच, तो कोणी मोजत बसत नाही. पण आकडा समोर आल्यावर ज्याने त्याने ठरवायचं. आमच्या घरी ज्वारीची आंबील असते, तीही रात्रभर आंबवलेलीच.

टायट्रेशन_ताई
आंबीलीत काम मुख्यतः लॅक्टिक जिवाणूंचं, आणि ज्वारीच्या पिठात मोकळी साखर नावापुरती. यीस्टला खायलाच फारसं नसतं. ती कुठे फसफसून बूच उडवते? काकांची फसफशीची कसोटी तिथेही लावता येते.

अर्धा_सोडा, तुमच्या १.०५ वर 'अंदाजे' हा शब्द लिहून ठेवा. एका रेघेची वाचनातली चूक इकडे-तिकडे धरली तर ०.९ ते १.२. पण प्रश्न अर्ध्या टक्क्याच्या वर की खाली असा असेल तर उत्तर पक्कं आहे: वर. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं पेय मद्यात मोजलं जातं. म्हणजे ही बाटली घरातल्या लहान मुलांना, गरोदर बाईला, यकृताचा आजार असलेल्याला देऊ नका. आणि विकायचा विचार असेल तर घरचा आकडा चालणार नाही, प्रयोगशाळेतून गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासून घ्यावं लागेल.

चौपाडकर
साखर कमी केली तर? ७० च्या जागी ३०?

गाळप_हंगाम
छत खाली येईल, पावणेदोनवर. पण त्याच टणक बाटलीत अल्कोहोल तेवढंच, कारण फसफस तेवढीच. कमी हवं असेल तर फसफसच कमी ठेवा, बाटली जरा दबत असतानाच फ्रीजमध्ये टाका. थंडीत यीस्ट मंदावतं, मरत नाही, म्हणून तिथेही आठवडाभर ठेवू नका. आणि काचेच्या बाटलीत कोणी करत असेल तर आजच थांबा. सोलापूरच्या उन्हाळ्यात फुटलेल्या बाटलीची काच भिंतीत रुतलेली मी पाहिली आहे.

आप्पांसाठी सोपं सांगू का? विरजण न घालता आलं-लिंबाचा पाक करा आणि पेल्यात वरून दुकानातला साधा सोडा ओता. चव थोडी कमी, अल्कोहोल शून्य.

बे_एके_बे
काका, एक विचारू? बाटलीवर ४२.८ टक्के आणि ७५ प्रूफ असं दोन्ही लिहिलेलं असतं ते काय? मित्राच्या बाटलीवर बघितलं.

गाळप_हंगाम
मित्राच्या. बरं. जुन्या ब्रिटिश पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. त्याचे ७५ टक्के करा, ४२.८ येतात. तेच हे.

त्यावरून एक सांगून ठेवतो. यातलं घरी वापरायचं कुठलंही उपकरण मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, ओळखत नाही. घनतेत ते इथेनॉलच्या, म्हणजे पेयातल्या नेहमीच्या अल्कोहोलच्या, इतकं जवळ आहे की काटा फरक दाखवणारच नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराच्या वर माणसं गेली ती मिथेनॉलने. टक्के मोजले म्हणजे पेय सुरक्षित आहे असं कोणी समजू नये.

हस्त_बहार
माझा राहिलेला प्रश्न. तडकलेली डाळिंबं फेकून द्यायला जीव होत नाही, त्याचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, करायचा विचार आहे. भगवा जातीच्या डाळिंबाचा रस १५-१६ ब्रिक्स भरतो. आधी अल्कोहोल, मग ॲसिड, एवढं माहीत आहे. मधल्या टप्प्यावर मोजायचं कसं? परवान्याचं राखणदारांनी सांगितलंय, ते उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन आधी विचारणार आहे, त्याआधी हात लावणार नाही.

टायट्रेशन_ताई
तुमच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहेच, त्याला एक हायड्रोमीटर जोडा. एकट्या रिफ्रॅक्टोमीटरला मी वर नावं ठेवली, पण दोघं मिळून मोठं काम करतात. अल्कोहोल एकाचा आकडा वर ढकलतं आणि दुसऱ्याचा खाली. दोघांतल्या फरकावरून अल्कोहोल काढता येतं, सुरुवातीचं माप हरवलं असलं तरी. त्याची गणितं तयार मिळतात.

शिरक्याला निदान ३.७५ टक्के ॲसिटिक ॲसिड लागतं, तो नियम आहे. १ टक्का अल्कोहोलमधून कागदावर साधारण १ टक्का ॲसिड होतं, प्रत्यक्षात कमी, काही उडून जातं. म्हणजे मधल्या टप्प्यावर ५-६ टक्के अल्कोहोल हाताशी असलं की पुरे. १५ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला तर आठपर्यंत जाईल, तेव्हा थोडं पाणी घालायला जागा आहे. एकदा ॲसिड बनू लागलं की हायड्रोमीटर बाजूला ठेवा. ॲसिटिक ॲसिड पाण्यापेक्षा जड, आकडा उलटा वर चढू लागतो आणि माणूस गोंधळतो. तिथून पुढे टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब अल्कली घालून ॲसिड मोजणं.

हस्त_बहार
ते कॉलेजात केलं होतं, गुलाबी रंग आला की थांबायचं.

टायट्रेशन_ताई
तिथेच डाळिंब फसवतं. रसाचा स्वतःचा लाल रंग अल्कलीत हिरवट-निळा होत जातो, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी दिसतच नाही. नमुना भरपूर पाणी घालून फिका करा, आणि रंगाऐवजी पीएच मीटर लावा, ८.२ ला थांबा.